विल्फचा चारा

डेस टॉलीने ब्रेड पुडिंगचा मोठा घास तोंडात घातला होता, तेवढ्यात ग्लेनिस पार्डोने विचारलं, "आमच्या शेडमधली निळी बादली तूच नेलीस ना रे?"

"हो," डेस भरल्या तोंडाने म्हणाला. "विल्फचा माशांचा चारा होता ना तिच्यात."

"चारा होता," ग्लेनिस म्हणाली, "आणि विल्फ होता."

विल्फ, तिचा नवरा, हिवाळ्यातच वारला होता. डेसला वाटलं, कंबरेच्या ऑपरेशनच्या गोळ्यांनी बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण ग्लेनिस शांतपणे चहा ओतत होती. तिचा हात कापत नव्हता, नजर साफ होती.

"त्याचीच इच्छा होती," ती म्हणाली. "म्हणायचा, मला त्या शोभेच्या डब्यात ठेवून शेल्फवर मांडू नकोस. माझ्या चाऱ्यात मळ आणि नदीवर वाळुंजाच्या झाडाखालच्या वळणावर फेक. जानेवारीत त्याची राख घरी आली, तशी मी शेडमध्ये बसून सगळी कालवली. म्हटलं, हवा जरा निवळली की जाऊ. आणि दुसऱ्याच दिवशी पायरीवरच्या बर्फावरून घसरले. मग हॉस्पिटल, मग बहिणीचं घर. वसंत गेला की सगळा."

"मला सांगितलं नाहीस," डेस कसाबसा म्हणाला.

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? त्याचं मासेमारीचं सामान घेऊन जा एवढंच म्हटलं तुला, उंदीर लागतील म्हणून. बादलीही नेलीस ते बरंच केलंस. तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मला घोर नव्हता." तिने पुडिंगचा दुसरा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला. "येत्या रविवारी जाऊ. नदी मासेमारीला बंद आहे, काठावर चिटपाखरू नसेल. तू फक्त गाडी चालव. फेकणार मी."

"बरं," डेस म्हणाला. 

बाहेर व्हॅनमध्ये बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.  बादली रिकामी होती. नुसती रिकामी नाही, परवाच त्याने ती गरम पाण्याने घासून उन्हात उपडी घातली होती. एका पाण्यातली रोगराई दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून सगळं सामान धुवायचं, हा हल्ली गळाने मासे धरणाऱ्यांचा, गळवाल्यांचा, धर्मच झालाय, आणि डेस मोठा धर्मपालक. विल्फ पार्डोचा उरलासुरला अंश डेसच्या मोरीतून वाहून गेला होता.

आणि त्याआधी? त्याआधीचं आठवायला लागलं तसं त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

तीस वर्षं दर रविवारी दोघं सेव्हर्न नदीच्या काठी शेजारी शेजारी बसायचे. मासा धरायचा, वजन करायचं, बघून घ्यायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. खाण्याबिण्याची भानगड नाही. विल्फला डेसपेक्षा नेहमी जास्त मासे लागायचे आणि त्याचं कारण मासेमारीच्या सगळ्या क्लबाला ठाऊक होतं: विल्फचा चारा. ब्रेडचा चुरा, काकवी, भाजून कुटलेलं बी इतकं कुणालाही कळायचं. पण त्यात आणखी काहीतरी असायचं, एक गोडसर वास, जो डेसला जन्मात ओळखता आला नाही. विचारलं की विल्फ म्हणायचा, "मी मेल्यावर सांगेन." असल्या माणसाची बादली हाताशी आल्यावर डेसने काय करायला हवं होतं? तिला हार घालायला हवा होता?

फेब्रुवारीत शेडमध्ये झाकण उघडलं तेव्हा तो खरं सांगायचं तर रडला होता. पण रडता रडताच त्याने मूठभर चारा उचलून उजेडात धरला होता, हेही खरं. त्या दिवशी त्यात करड्या रंगाचे खरखरीत कण दिसले होते. हेच ते गुपित! शिंपल्यांची पूड असणार, असा त्याने तर्क केला. खात्री करायला त्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं. सगळे गळवाले चारा चाखतात, त्यात विशेष काही नाही. खारट लागलं होतं. "लेका विल्फ," तो मोठ्याने म्हणाला होता, "मीठ जरा जास्त झालंय."

हे आठवलं आणि डेसने व्हॅनचं दार उघडून ग्लेनिसच्या गुलाबांच्या वाफ्यात सगळं पुडिंग ओकून टाकलं.

पहिल्या खेपेला तो वाळुंजाखालच्या वळणावरच गेला होता. नदी गढूळ, बोटं बधिर करणारा वारा. चाऱ्याचे दोन-तीन गोळे टाकले आणि तासाभरात असा जाडजूड चब मासा लागला की त्याने टोपी काढून आकाशाला दाखवली. तेवढीच एक खेप बरी. मार्चच्या मध्याला अंडी घालायच्या हंगामासाठी नदी बंद झाली, नि डेस गेला कालव्यावर. विल्फ कालव्याला गटार म्हणायचा. तिथे एप्रिलभर डेसने रोच मासे धरले, रुपेरी, हाताएवढे, एकामागून एक. काठावरचे लोक विचारायचे, काय टाकतोस रे? तो डोळा मारून म्हणायचा, "विल्फची कृपा."

आणि मेमध्ये डबकं. एका शेतकऱ्याने खोदून, मासे सोडून, तिकीट लावलेलं तळं. काठाला फळ्या, बसायला बाक, चहाची टपरी, संडास. विल्फला त्याचा एवढा तिटकारा की नाव काढलं तरी थुंकायचा. "मेलो तरी त्या डबक्याकाठी पाय ठेवणार नाही." आणि डेसने त्याला तिथे ओंजळी ओंजळीने नेला होता. अर्धी बादली त्या डबक्यातच गेली. हिरवेगार, लाल डोळ्यांचे टेंच वेड्यासारखे आले. सगळ्यात मोठ्या टेंचबरोबर डेसने फोटोसुद्धा काढून घेतला होता. त्या माशाच्या पोटात काय होतं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

तीन रात्री त्याला झोप लागली नाही. ग्लेनिसला फोन करायला रिसीव्हर उचलायचा, तिचा "हॅलो" ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. सांगायचं तरी काय? तुझा नवरा मी माशांना घातला, बाई, आणि चव बघून घातला? त्या घराशिवाय डेसला दुसरं घर नव्हतं. लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाहीत, गॅरेजमधून निवृत्त झाल्यावर आठवड्यात कुणाशी धड बोलायचं तर रविवारी ग्लेनिसच्या टेबलाशी. तिने दार लावून घेतलं तर संपलंच.

म्हणून शनिवारी त्याने जे केलं ते लाज सोडून केलं. शेगडीतली राख चाळली, ब्रेडचा चुरा घेतला, काकवी ओतली, बी कुटलं आणि निळ्या बादलीत सगळं कालवलं. रंग जमला. खरखर जमली. बाई बिचारी डोळे मिटून फेकणार, दोन अश्रू ढाळणार, तिचं समाधान होणार. असं त्याने स्वतःला समजावलं. बुडत्याला काडीचा आधार.

रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. ग्लेनिस निळा कोट घालून, ओठांना लाली लावून आली होती. गाडीपासून नदीपर्यंतची पायवाट तिने काठी टेकत, डेसचा दंड धरत, दात आवळत पार केली. काठावर खरोखरच कुणी नव्हतं. वाळुंजाची फांदी पाण्याला टेकली होती आणि तिच्याभोवती प्रवाह हळू वळत होता.

"हेच का ते?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल."

"मासे असतात इथे," डेस म्हणाला.

"एवढी वर्षं त्याने मला एकदाही आणलं नाही. म्हणायचा, तू बडबडतेस, मासे पळतात." ती डेसने आणलेल्या सामानाच्या पेटीवर टेकली. "दे इकडे."

त्याने बादली तिच्यापुढे ठेवली आणि नदीकडे बघू लागला. तिने झाकण काढलं, बाही सारली, हात आत घातला. चारा बोटांमध्ये चोळला. नाकाशी नेला. पुन्हा चोळला, पुन्हा नाकाशी नेला.

"डेस."

"हं."

"हा विल्फ नाही."

डेस वळला. "असं कसं, ग्लेनिस? बादली तर तीच..."

"कस्टर्ड पावडर कुठे आहे यात? जायफळ कुठे आहे?"

तो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"माझ्याकडे बघू नकोस असा. विल्फला अंडं उकडता येत नव्हतं, तो काय चारा करणार! तीस वर्षं दर शनिवारी मी मळलाय तो, माझ्या परातीत. पुडिंगचंच सामान आहे ते. तू दर रविवारी माझ्याकडे तेच खातोस, मूर्खा, आणि कधी तुझ्या लक्षात आलं नाही?" तिने हात झटकला. करडी भुकटी गवतावर पडली. "हे काय आहे? आणि माझा नवरा कुठे आहे?"

मग डेसने सांगितलं. उभ्या उभ्या, टोपी हातात घेऊन, नदीकडे तोंड करून. इथला चब सांगितला, कालवा सांगितला, शेडमधली ती चिमूट सांगितली. डबकंही सांगितलं. शेवटी गरम पाणी आणि मोरी.

ग्लेनिस ऐकत होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, त्यावर ओठांची लाली विचित्र दिसत होती.

"खाल्लास तू त्याला," ती म्हणाली.

"चिमूटभर."

"डबक्यात टाकलास."

"मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ माहीत नव्हतं."

"ते नव्हतं माहीत. आणि हे?" तिने काठीने बादली ढकलली. बादली लवंडली. "हे तर माहीत होतं ना? मला शेगडीची राख देऊन रडवणार होतास तू?"

डेसने वाकून बादली सरळ उभी केली.

"डबक्याचं मला काही नाही रे," ती म्हणाली. "माशांनी खाल्लं त्याचंही नाही, त्यासाठीच तर कालवला होता. पण तीस वर्षं दर रविवारी पहाटे तू दारात हॉर्न वाजवायचास आणि तो जायचा. एकदा तरी मला त्याला घेऊन जायचं होतं. मी. शेवटची एक खेप. बास, एवढंच हवं होतं. आणि तीसुद्धा तूच नेलीस, डेस."

इतके दिवस डेस ज्याला धक्का समजत होता तो धक्काच नव्हता. खरा धक्का आत्ता बसला. राखेची किळस, चोरी पकडली जायची भीती, सगळं त्यापुढे पोरकट वाटलं. तीस वर्षं तो दारात हॉर्न वाजवत होता आणि आतमध्ये कुणीतरी चारा मळून, डबा भरून, खिडकीतून बघत उभं असायचं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि डोळे पुसायला म्हणून त्याने सवयीने कमरेला हात घातला.

कमरेला त्याचा टॉवेल होता. प्रत्येक गळवाल्याच्या पट्ट्याला लटकतो तसला, चारा मळल्यावर हात पुसायचा. त्याला किती वास येतो हे ज्याने घेतला त्यालाच ठाऊक. तो टॉवेल कधी धुवायचा नसतो. धुतला की नशीब धुऊन जातं. डेसने बादली घासली होती, जाळं घासलं होतं, बूटसुद्धा घासले होते, पण टॉवेलाला पाणी लावलं नव्हतं. फेब्रुवारीपासून प्रत्येक गोळ्यानंतर त्याने त्यालाच हात पुसले होते. टॉवेल पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता, आणि त्याच्या घडीघडीत वाळलेला चारा बसला होता. करडे, खरखरीत कण.

त्याने टॉवेल नाकाशी नेला. माशाचा वास, काकवीचा वास. आणि त्याखाली, आता नाव कळल्यावर अगदी स्पष्ट, जायफळ.

"ग्लेनिस," त्याने टॉवेल सोडवून पुढे केला. "हा."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने तो दोन्ही हातांत घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"त्याचा टॉवेल त्याने मला कधी धुऊ दिला नाही," ती म्हणाली. "हात लावला तरी ओरडायचा."

"माझाही नाही धुतलेला."

"दिसतंय. धर मला."

पाण्यापर्यंतचा उतार ओला होता आणि तिची कंबर वाकत नव्हती. डेसने मागून तिच्या कोटाचा पट्टा दोन्ही मुठींत धरला, टाचा चिखलात रोवल्या आणि तिला हळूहळू खाली सोडलं. ती गुडघ्यांवर बसली. बाह्या भिजल्या, कोट भिजला, तिने पर्वा केली नाही. टॉवेल पाण्यात बुडवला आणि आयुष्यभर कपडे धुतलेल्या बाईच्या हातांनी ती तो चोळू लागली. एक करडा-पिवळा ढग पाण्यात सुटला, जरा रेंगाळला आणि वाळुंजाच्या फांदीखाली वळला.

"बडबडू का?" तिने मागे न बघता विचारलं.

"बडबड," डेस म्हणाला.

ती विल्फशी बोलू लागली. काय बोलत होती ते डेसला ऐकू येत होतं, पण त्याने ऐकलं नाही. तो पट्टा घट्ट धरून मागे झुकून उभा राहिला. फांदीखाली एक मोठा चब वर आला, त्या ढगात तोंड उघडलं आणि पुन्हा खाली गेला. टॉवेल स्वच्छ झाला तरी ती धुतच होती, आणि डेस तिला घाई करत नव्हता.