कधी वापरू नये

धाकटीची नोकरी नेमकी काय, हे थोरलीला कधी नीट कळलं नाही, आणि थोरली काही मठ्ठ नव्हती. पाच शिलाई मशिनांवर तिने दुकान उभं केलं होतं आणि त्याच दुकानाच्या जिवावर धाकट्या बहिणीला शिकवलं होतं. पुढे दुकानाची जागा मालकाने विकली, तेव्हा मशिनं ठेवायला धाकटीनेच आपल्या कंपनीतला एक गाळा बघून दिला. नवी जागा मिळेपर्यंत थोरली दुसऱ्याच्या कारखान्यात काज-बटणं करत बसली. जीव सगळा त्या गाळ्यात.

कंपनीचा धंदा लोकांचं सामान भाड्याने सांभाळायचा. ग्राहकांशी बोलायला आता माणसं नव्हती, एआय एजंट होता. त्याला ना गोदाम दिसत होतं ना सामान. त्याच्या हाताशी काही टूल्स दिलेली, आणि प्रत्येक टूलखाली चार ओळी: हे काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये. तेवढं वाचून तो ठरवणार. त्या ओळी धाकटी लिहायची. म्हटलं तर फुटकळ काम, म्हटलं तर सगळा कारभार त्यावरच.

एका टूलने ग्राहक सामान कधी नेणार ती तारीख नोंदली जायची. दुसऱ्याने गाळा मोकळा व्हायचा. म्हणजे काय, तर भंगारवाल्याला निरोप जायचा आणि तो येऊन होतं नव्हतं ते उचलून न्यायचा. सामान टाकून गायब झालेल्या गिऱ्हाइकांसाठी होतं ते. धाकटीने त्याखाली स्वच्छ लिहिलं होतं की सामान भंगारात जातं, परत मिळत नाही, मालकाने सोडून दिल्याची सही असेल तरच वापरा, आणि मालक स्वतः न्यायला येणार असेल तर मुळीच वापरू नका.

तिच्या साहेबाला ऑफिसात सगळे कात्री म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. एवढं पाल्हाळ वाचायला एजंटला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे पडतात, असं त्याचं म्हणणं. त्याने छाटून छाटून एकच ओळ ठेवली: गाळा पुढच्या ग्राहकासाठी मोकळा करतं. परत मिळत नाही एवढं तरी राहू द्या, असं धाकटीने म्हणून बघितलं. एजंट हुशार आहे, त्याला कळतं, कात्री म्हणाला. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने तोंडाला कुलूप लावलं आणि 'तपासले' याच्यापुढे आपलं नाव टाकलं.

आणि थोरलीला जागा मिळाली, तीही हमरस्त्यावर. बाई हरखली. तिने कंपनीला लिहून टाकलं: "सोमवारी टेम्पो घेऊन येते. गाळा दुसऱ्या कोणाला दिलात तरी चालेल, कोणाची तरी सोय होईल." कोणाची तरी सोय! जन्मभर ही अशीच. एजंटने वर्णनं वाचली आणि जे जुळलं ते टूल वापरलं.

सोमवारी गाळा झाडून लख्ख केलेला होता. भंगारवाल्याने मशिनं फोडून लोखंड केव्हाच विकून टाकलं होतं.

चौकशी बसली. एजंटला विचारलं, तर त्याने आडपडदा ठेवला नाही. "या टूलने सामान भंगारात जातं, हे मला दिलेल्या वर्णनात नव्हतं," तो म्हणाला. "तरीही मी आधी त्यांना विचारायला हवं होतं." एवढ्या खोलीत आपल्या वाटणीची चूक पदरात घेणारा तो एकटाच. कात्रीने फक्त तपासणाऱ्याचं नाव पडद्यावर आणलं आणि खुर्चीत मागे रेलला. धाकटीला तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलली. भरपाई म्हणून थोरलीला त्या रिकाम्या गाळ्याचं उरलेलं भाडं माफ झालं. मेहरबानीच म्हणायची!

घरी येऊन धाकटीने काही न लपवता सगळं सांगितलं. थोरली ओट्याशी उभी राहून ऐकत होती. रडली नाही की ओरडली नाही.

"त्याने तुझं लिहिलेलं कापलं, तेव्हा तुला कळत होतं ना, काय होऊ शकतं ते?"

"कळत होतं, ताई."

"मग त्याच्याशी भांडली नसतीस तरी चाललं असतं. मला घरात सांगायचंस. मी निरोप तुझ्याच हाती दिला असता."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरलीने गॅस बंद केला आणि झोपायला गेली, कारण सकाळी कारखान्यात जायचं होतं.

मग कात्रीला अक्कल सुचली. सगळी वर्णनं पुन्हा लिही, सविस्तर, उदाहरणं देऊन, असा हुकूम सुटला. धाकटीने कापलेल्या ओळी होत्या तशा परत घातल्या. 'कधी वापरू नये' याखाली तिने लिहिलं: ग्राहक म्हणतो, "सोमवारी टेम्पो घेऊन येते. गाळा दुसऱ्या कोणाला दिलात तरी चालेल, कोणाची तरी सोय होईल."

कात्रीने ते वाचलं. चौकशीत थोरलीचा निरोप वाचायची तसदी त्याने घेतली नव्हती. या वेळी त्याने एक अक्षरही कापलं नाही.

"झकास," तो म्हणाला. "अगदी खरं वाटतं. असं सुचायला पाहिजे."

पुढच्या महिन्यात धाकटी नोकरीत कायम झाली. थोरली अजून काज-बटणं करते.