दोन कप्प्यांतली बाई

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायची म्हटली की माझी पंचाईत होते. मी एक आहे की दोन, हेच मला नीट सांगता येत नाही. माझं डोकं या कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतं आणि धड खालच्यात. आत्ता बोलतं आहे ते डोकं. चालणं ठाऊक आहे ते धडाला.

मी चीन देशातली, सावलीच्या खेळातली जुनी बाहुली आहे. गाढवाच्या कातड्याची. हसू नका. ते कातडं भिजवून, खरवडून इतकं पातळ केलं होतं की त्यातून दिवा दिसावा. माझा कारागीर सुरी हलवत नसे. सुरी स्थिर धरायचा आणि कातडंच तिच्याखाली सरकवायचा. माझ्या झग्यावरची नक्षी कोरायला त्याला एक हिवाळा लागला. मग लाल-हिरवे रंग, वर तेलाचा हात, आणि सांध्यांना दोऱ्याच्या गाठी.

खेळात मी माहेरी निघालेली बाई होते. पडद्यामागून तीन काठ्यांनी मला चालवत आणि पडद्यावर माझी सावली चाले. खेळ संपला की कारागीर आधी माझी मान उपसून ठेवी. डोकी एका वहीच्या पानांत, धडं दुसऱ्या वहीत. जोडून ठेवलेली बाहुली आपली आपण चालू लागते, असं ती माणसं मानत.

तापीकाठची आगगाडी सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या कारागिराचा नातू रेशमी कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन सुरतेहून नंदुरबारला उतरला. त्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. कापड दाखवण्याआधी तो माझा खेळ दाखवी, म्हणजे बायका जमत. मिरच्या वाळवायच्या पथारीवर काम करणारी कौसाबाई सगळ्यांत पुढे बसे.

"भाऊ, तुन्ही बाई कोठे चालनी?" तिने एकदा विचारलं.

"घर," तो म्हणाला.

"मंग पोचस कव्हय?"

त्याने माझी मान उपसून वहीत ठेवली. मी कधीच पोचत नसे. पडद्याची कडा आली की खेळ संपे.

पावसाळा सरता सरता त्याला हिवताप भरला. कौसाबाईने त्याला आपल्या पडवीत निजवलं, पेज पाजली. अखेरच्या दिवशी त्याने दोन्ही वह्या तिच्या हाती दिल्या.

"बहेन, सिर अलग, तन अलग. साथ रखेगा तो चलेगा. घर बहुत दूर. पाँव टूटेगा."

"आलगच ठेवसू, भाऊ. तू नीज."

कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून तिने मला पेटीत बारा वर्षं जपलं. पुढे हिंमतराव मास्तरांनी शाळेत जुन्या वस्तूंचा संग्रह मांडला, तेव्हा मान न जोडण्याची अट घालून तिने मला त्यांच्याकडे दिलं. मास्तर भला माणूस. पण तपासणीचे साहेब यायचे होते. धडावेगळं डोकं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी भटू शिपायाकडून माझी मान पक्क्या दोऱ्याने शिवून घेतली आणि मला काचेच्या पेटीत उभं केलं. साहेब खूश झाले.

मग अखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, सुट्टी लागली. शाळा ओस पडली. भर दुपारी कौलातल्या काचेतून ऊन पेटीवर येई आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माझी सावली पडे. मित्रांनो, आधी सावलीने पाऊल उचललं. मग मी.

रोज दुपारी मी उगवतीकडे चालत राहिले. पाय काचेला घासत. डाव्या घोट्याचा दोरा झिजला, कातडं फाटू लागलं. मला थांबायचं होतं. पण चालवणारी मी नव्हते.

"मास्तर, बाई सरकी ऱ्हायनी," भटू म्हणाला.

"उंदीर असेल."

"उंदीर काचमा कसा जाई?"

तेव्हा मास्तर स्वतः येऊन बसले. ऊन भिंतीवर आलं. माझ्या अंगाला एकही काठी नव्हती, तरी भिंतीवर तीन काठ्यांच्या सावल्या होत्या. त्या धरणारा हात होता. त्या हाताची करंगळी अर्धी होती. मास्तर हळूच उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसून राहिले.

"हिले जाळी टाकू," भटू म्हणाला. "डाकीण शे ती."

मास्तरांना नाही म्हणवेना. "आधी कौसाबाईला निरोप धाड," एवढंच ते म्हणाले.

निरोप गेला, पण भटूला धीर नव्हता. त्याने मला अंगणात मिरचीच्या वाळल्या काड्यांवर ठेवलं आणि घासलेटची बाटली उघडली. तेवढ्यात कौसाबाई पथारीवरून तशीच अनवाणी धावत आली.

"मी सांगेल व्हतं ना, मास्तर? मान जोडू नका."

"कौसाबाई, अपुरी वस्तू लोकांना दाखवायची कशी?"

"अपुरी ना शे ती. निजेल शे."

बांगड्या भरलेल्या हातांनी तिने मला उचललं आणि मानेचा दोरा दातांनी तोडला. तिच्या बोटांची मिरची माझ्या गालाला लागली. तो लाल डाग अजून आहे. मास्तरांनी त्याच दिवशी जाड कागदावर लिहिलं: 'ही बाई निजली आहे. हिची मान जोडू नये.' मग हे दोन कप्प्यांचं कपाट केलं.

पुढे दर अखाजीला, लेकी माहेरी येतात त्या दिवशी, कौसाबाई येई. वरचा कप्पा उघडून म्हणे, "तुले लेवाले कोनी उनं ना, माय." आणि न्यायला कुणी न आलेल्या माझ्या कपाळावर बोट टेकवी. आता चार अखाज्या झाल्या, ती आलेली नाही. मास्तरही गेले. संग्रह शहरातल्या संग्रहालयात आला आणि कागदावरची शाई उडून गेली.

आज सकाळी इथे नव्याने आलेल्या गृहस्थांनी माझं डोकं आणि धड एका मेजावर ठेवलं. फार जपून, प्रेमाने. सुईत दोरा ओवला आणि जेवायला गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण वस्तूबरोबर तिची रीतही जपा, नाहीतर जपणारा हातच तिचा घात करतो. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर त्या गृहस्थांना कपाटातला तो कागद उजेडात धरून वाचायला सांगा. अक्षरांच्या खुणा अजून दिसतात.

लवकर सांगा. भिंतीवर ऊन आलं आहे. तिथे आज दोन हात थांबले आहेत. एकाची करंगळी अर्धी आहे. दुसऱ्यात बांगड्या आहेत.