देवानंदेची स्वप्नं

लालबागच्या एका गल्लीतल्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, वरच्या मजल्यावर लाकडी फळीवर रंगवलेलं एक जुनं चित्र होतं. राणी त्रिशला पलंगावर निजलेली आणि तिच्याभोवती ढगांतून तरंगत येणारी चौदा स्वप्नं. महावीर पोटी आले तेव्हा तिला पडलेली. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांची माळ, चंद्र, सूर्य... वार्निश काळवंडल्यामुळे सगळं चहाच्या रंगाचं झालं होतं. ते साफ करायचं काम पद्मजाकडे आलं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हाच तिचा व्यवसाय.

दुपारी देरासर रिकामं असे. चंदनाचा वास, खिडकीतून सरकत जाणारं ऊन, आणि कापसाच्या बोळ्याखाली हळूहळू उजळणारं एकेक स्वप्न. वेळ कुठे जायचा ते कळत नसे. सोबतीला फक्त हसुमतीबेन असत. ऐंशीच्या पुढच्या, रोज खाली पाटावर तांदळाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून वर येणाऱ्या.

चौदावं स्वप्न, अग्नीचं, स्वच्छ झालं त्या दिवशी पद्मजा म्हणाली, "ज्वाळा आहेत, पण धूर रंगवायचा राहून गेलाय."

"राहिला नाय. धूर नसतोच त्याला," हसुमतीबेन म्हणाल्या. "लाकडात ओल असली की धूर येतो. इथे सगळं कर्म जळून गेलं. ओल कुठून राहणार?"

पद्मजा मग रोज विचारू लागली. चंद्र का, सरोवर का, ध्वज कशासाठी. त्या सांगत जायच्या आणि तिला वाटायचं, आपण जागेपणी दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून चालतो आहोत.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यातली हिरवी वेल पुसताना रंग सुटून आला. वेल मागाहून रंगवलेली होती. तिच्याखाली चटईवर निजलेली आणखी एक बाई होती. साधं लुगडं, अंगावर दागिने नाहीत. तिच्या ओठांतून बारीक सोनेरी रेषा निघून वर त्रिशलेकडे गेल्या होत्या, आणि प्रत्येक रेषेच्या टोकाला एकेक स्वप्न होतं.

हसुमतीबेनचा चष्मा फळीला टेकला. "देवानंदा," त्या पुटपुटल्या. "लहानपणी बघितली होती मी हिला. मग कधी गेली, समजलंच नाय."

विश्वस्त विनीतभाई येऊन बघून गेले. "वेल परत रंगवून टाका. त्रिशलामातेच्या चित्रात दुसरी बाई कशाला? बघणारा गोंधळेल."

"गोंधळला तर विचारेल," हसुमतीबेन म्हणाल्या. "विचारलं तर सांगू."

विनीतभाईंनी शनिवारपर्यंत विचार करतो म्हटलं.

शनिवारी शाळा नव्हती, म्हणून पद्मजाने आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, मनवाला, बरोबर आणलं. मनवा दत्तक होती आणि तिला ते ठाऊक होतं. पण तिला जन्म देणाऱ्या बाईविषयी घरात कधी बोलणं निघत नसे. निघालंच तर पद्मजा विषय बदलायची.

"आजी, या दोघी कोण?" मनवाने विचारलं.

हसुमतीबेननी सांगितलं. महावीर आधी देवानंदेच्या पोटी होते. चौदा स्वप्नं तिलाच पडली. मग देवाच्या दूताने गर्भ उचलून त्रिशलेच्या उदरात ठेवला. त्या रात्री देवानंदेला दिसलं की आपली स्वप्नं दुसरीकडे चालली आहेत.

"मग ती रडली?"

"रडली असेल."

"आणि तो? त्याला ती माहीतच नव्हती?"

"माहीत होती. मोठा झाला, भगवान झाला, तेव्हा ती गर्दीत त्याला बघायला आली. बघता बघता तिच्या छातीला दूध आलं. लोक चकित झाले. भगवान सगळ्यांसमोर म्हणाले, ही माझी आई."

पद्मजाच्या हातातला बोळा थांबला होता. दारात विनीतभाई उभे होते, केव्हापासून कोण जाणे. ते आत आले, कोपऱ्यातल्या त्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिले आणि एवढंच म्हणाले, "राहू द्या तिला."

संध्याकाळी मायलेकी परळच्या दिशेने चालत निघाल्या. पुलावर सोनेरी धूळ तरंगत होती. मनवा थांबली.

"आई, माझी देवानंदा कोण होती?"

या वेळी पद्मजाने विषय बदलला नाही. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"नाव नाही माहीत मला. कागदावर एवढंच होतं की ती एकोणीस वर्षांची होती. आणि संस्थेतल्या बाई म्हणाल्या, तुला देताना तिने तीनदा परत मागून घेतलं. प्रत्येक वेळी म्हणाली, थोडा वेळ अजून."

आठ वर्षं हेच सांगायची पद्मजाला भीती वाटत होती, की हे कळलं तर मुलगी आपल्यापासून थोडी लांब जाईल.

"तीनदा?" मनवाने विचारलं.

"तीनदा."

"परत सांग ना. पहिल्यापासून."

आणि पद्मजा तिथेच, माणसं बाजूने वाहत असताना, पहिल्यापासून सांगू लागली.