मास्तरांनी दिलेली मशीन

मी घानातल्या कुमासी शहरातली एक शिलाई मशीन बोलतेय. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच पुसली गेली, पण चाक अजून हलकं फिरतं.

माझे पहिले मालक ओपोंग मास्तर. शाळेचे गणवेश आणि दुखवट्याचे काळे-तांबडे कपडे शिवायचे. बोलणं अगदी मोजकं. त्या काळची रीत अशी, की माणूस गेला की त्याचं सगळं बहिणीच्या मुलाकडे जाई, पोटच्या पोरांकडे नाही. म्हणजे मला पुसायची, तेल घालायची मास्तरांची मुलगी सेरवा आणि माझा वारस भाचा बोआतेंग.

एका रविवारी मास्तरांनी मला सेरवाच्या आत्याच्या, म्हणजे बोआतेंगच्या आईच्या अंगणात नेलं. भाऊबंद जमले होते. ‘ही सेरवाला दिली,’ एवढंच ते म्हणाले. मग पोरीच्या हाती जिन दारूची बाटली देऊन आत्यापुढे गुडघे टेकायला, आभार मानायला लावलं. बोआतेंग फिदीफिदी हसला. सेरवा वाटभर रडली. देणारे बाबा, मग पाया आत्याच्या का पडायचं? आणि दुसऱ्याच दिवशी मास्तर पुन्हा माझ्यासमोर शिवायला बसले. पोरीला ते देणं खोटंच वाटलं.

सेरवा मोठी झाली, राजधानीत, आक्र्याला, दुसऱ्यांच्या दुकानात शिवू लागली. घरी येणं तुटक. मास्तर गेल्यावर मात्र ती परतली, ती माझ्या भरवशावर स्वतःचं दुकान टाकायच्या इच्छेने. बोआतेंग हातगाडी घेऊन दारात उभा राहिला.

‘ने दादा,’ सेरवा म्हणाली. ‘बाबा तरी आमचे कुठे होते? तुमचेच.’

‘गाडी मागे घे रे,’ आत्या म्हणाली. ‘हिच्या हातची आभाराची बाटली मी चार माणसांत प्यायलेय. ती प्यायली की दिलेल्यावर घराण्याचा हक्क संपतो. म्हणून तर आधी मी ती घ्यायला तयार नव्हते. तू एकदाच गुडघे टेकलेस पोरी. तुझा बाप त्याआधी वर्षभर माझ्या दारात बसत होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.’

सेरवाने फडकं घेतलं आणि माझी फळी पुसली.

आता आम्ही बाजाराच्या तोंडाशी असतो. बोआतेंगच्या विजारीही इथेच अल्टर होतात, फुकट. पाटी रंगवणाऱ्याला सेरवाने ‘ओपोंग आणि मुलगी’ असं लिहायला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, ‘म्हातारबुवा तर गेले ना?’

‘दुकान त्यांनीच थाटून दिलंय,’ ती म्हणाली. ‘त्यांचं नाव मोठं काढ.’

माझं मागणं एवढंच, की मी गंजेन तेव्हा भंगारात घालण्याआधी ती पाटी एकदा वाचा.