शेजारच्या खुर्चीतली बहीण

ताई गिऱ्हाइकांचे कोट शिवायची, धाकटी बेकरीत केकवर नक्षी काढायची. दोघींना एकच दुखणं जडलं होतं, नैराश्याचं. गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले, मन ढिम्म हलेना. शेवटी नव्या उपचाराचा दवाखाना ताईनंच शोधला आणि धाकटीला अक्षरशः ओढत तिथं नेलं.

तिथं औषध नाकात फवारायचं आणि नर्सच्या नजरेखाली आरामखुर्चीत पडून राहायचं. डोकं गरगरतं, रक्तदाब चढतो, म्हणून लगेच घरी सोडत नसत. दोघींच्या खुर्च्या शेजारीशेजारी.

काही खेपांनंतर धाकटी खुर्चीतून उठत म्हणाली, "ताई, मला सपाटून भूक लागलीय गं!"

ताई हसली. तिला स्वतःला मात्र अजून भूक नव्हतीच. धाकटी वेळेवर कामाला जाऊ लागली, आंघोळ करताना गुणगुणू लागली. ताईच्या मशीनवर मात्र तोच कोट बिनबाह्यांचा लोळत पडलेला. ते गुणगुणणं ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा धाकटीनं नाटकाची दोन तिकिटं आणली. "चल ना, कितीतरी दिवसांत गेलो नाही."

"नाटकं तर तू आजवर घरातच केलीस की!" ताई फटकन बोलली. "खरं दुखणं असं फवाऱ्यानं जात नसतं."

धाकटी पांढरीफटक पडली. दुसऱ्याच दिवशी तिनं दवाखान्यातली आपली वेळ बदलून घेतली.

डॉक्टरबाईंनी चौकशी केली तेव्हा ताईचा बांध फुटला. "जळते मी तिच्यावर! दवाखाना शोधला मी आणि गुण आला तिला!"

"आलात तेव्हा म्हणाला होतात, आई गेली तरी काही वाटलं नाही. आज निदान हेवा तरी वाटतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग हे काय बरं होणं झालं?"

"नाही. पण इतक्यात हात टेकायचे नाहीत. फवाऱ्यासोबत घेता ती गोळी बदलून बघू. एकाच औषधानं सगळ्यांना गुण येतो असं नाही."

ताई तिथून बहिणीला गाठायला बेकरीत गेली. "फार वाईट बोलले मी. पण खरं सांगू? हेवा अजून वाटतोच."

"मलाही वाटला असता," धाकटी मान वर न करता म्हणाली. "बस तिथं. एवढं संपलं की बरोबर निघू."

ताई स्टुलावर टेकली. धाकटीचा हात क्रीमवरून सहज फिरत होता. ताईला ते बघवत नव्हतं, तरी ती बघत राहिली.