माठावरचं वगराळं

मी वगराळं बोलतोय. दिसायला काय, स्टीलची एक वाटी आणि तिला हातभर लांब दांडा. शाहूवाडीकडच्या एका डोंगराळ गावात, अंगणवाडीच्या माठाशेजारी मी खिळ्याला टांगलेला असतो. आज जागेवर आहे, पण जिवाला चैन नाही.

मला आणलं संयोगिताताईंनी, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंनी. कोल्हापुरातला दुकानदार त्यांना पळ्या दाखवत होता. "पळी नको, पाण्यात बोट बुडणार नाही असा दांडा हवा," म्हणत त्यांनी मला उचललं. कौतुक कुणाला आवडत नाही हो?

ताईंनी पोरांकडून एकच धडा रोज घोकून घेतला, 'हात बाहेर, वगराळं आत.' पण पोरंच ती. नाकातलं बोट काढायचं की थेट माठात. एकट्या निशानं मात्र धडा मनावर घेतला. चार वर्षांची चिमुरडी, फ्रॉकला कायम पिन लावलेली. कुणाचा हात माठाकडं गेला की ही त्याचं मनगटच धरायची. स्वतःची पाळी आली की मला दोन्ही हातांनी पेलत, जीभ बाहेर काढून, न सांडता पेला भरायची. माझा फार जीव होता तिच्यावर.

चैतात गावची जत्रा आली. आमच्याकडं जत्रा म्हणजे घरोघरी पावणं आणि रश्श्याची पातेली. त्या दिवसांत भांडी साऱ्या गावाची एक होतात, ज्याला जे लागेल ते तो मागून नेतो. निशाचे आजोबा गणपतराव मला न्यायला आले.

"पातेलं खोल हाय ताई, लांब दांडा पायजे. जत्रा झाली की आणतो की."

ताईंना नाही म्हणवेना. निशानं मात्र त्यांचा सदरा ओढला. "आज्जा, ते पाण्याचं हाय."

"व्हय गं बाय, रश्श्यातबी पाणीच असतंय," म्हणत गणपतराव हसले आणि मला घेऊन निघाले.

जत्रा झाली. त्यांच्या हातकणंगल्याच्या पाहुण्यांकडं नातवाचं जावळ होतं, गणपतराव मला तिकडं घेऊन गेले. तिथं जेवणावळ उठली आणि मी कोपऱ्यात पडून राहिलो. कुणाला माझी आठवण नव्हती.

इकडचं सगळं मला मागाहून अंबूबाईंच्या तोंडून कळलं. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. ताई विचारायच्या आणि गणपतराव "आणतो की" म्हणायचे. दुसरं वगराळं आणायचं ताईंच्याही मनात राहूनच गेलं. निशा काही दिवस पोरांची मनगटं धरत राहिली म्हणे. पण ऊन रणरणतं, घसा कोरडा, पाणी काढायचं कशानं? शेवटी तिनंही पेला धरून हात माठात घातला.

पोरांना हगवण लागली. बाकीची दुखण्यातनं उठली. निशाला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं, पण ती हाती लागली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "प्यायचं पाणी कसं काढता?" तेव्हा गणपतरावांना मी आठवलो.

दिवसकार्य उरकल्यावर ते स्वतः हातकणंगल्याला आले आणि मला घेऊन गेले. घरी राखेनं घासलं, परत घासलं. रश्श्याचा वास कधीच गेला होता, तरी त्यांचे हात थांबेनात.

मग मला अंगणवाडीतल्या खिळ्याला अडकवून ते तिथंच भिंतीला टेकून बसले. एवढ्यात एक पोरगं हात पुढं करून माठाशी आलं. गणपतरावांनी उठून त्याचं मनगट धरलं, अगदी निशा धरायची तसंच. "हात भाईर, बाळा," एवढंच म्हणाले. मग मला खिळ्यावरनं काढून त्याच्या हातात दिलं.

तुमच्याही माठाशेजारी माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल. जत्रा असो, जावळ असो, त्याला हलवू नका. आणि एखादं लहान पोर सदरा ओढून 'ते पाण्याचं हाय' म्हणालं, तर तेवढं हसू नका.