बाहेरची कडी

"लोटुभाई, आज मने बटाका जेवो बाफी नाख!" बटाट्यासारखं उकडून काढायची फर्माईश करत टॉवेल गुंडाळलेले हसमुखभाई लाकडी खोलीत शिरले आणि वरच्या फळीवर जाऊन बसले.

लोटूने हसून दार बंद केलं. तेवढ्यात गच्चीवरून त्याच्या सोबत्याची, सुकलालची, हाक आली. मोटर पाणी खेचत नव्हती. लोटू जिन्याकडे वळला.

अठवालाइन्सच्या त्या हेल्थ क्लबात हा सौना, घाम काढायची गरम खोली, नवाच होता. कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर तापलेले दगड. उष्णतेने दार वाकलं आणि आपोआप उघडू लागलं, तेव्हा क्लबच्या शेठनी बाहेरून कडी ठोकून घेतली. ती रिकामी खोली तापवतानाच लावायची, आत माणूस असताना नाही. हे लोटूला पाठ होतं. हाताला मात्र वेगळंच पाठ होतं. पांडेसऱ्याची डाइंग मिल बंद पडेपर्यंत तो तिथे वाफेच्या पेटीवर कामाला होता. तिथे दार बंद केलं की त्याच झटक्यात कडी, नाहीतर वाफ तोंडावर.

मोटर सुरू झाली. सुकलालने चहा ओतला. "तुनं बरं शे, लोटू. मिलमा बी वाफ, अठे बी वाफ. मरावर तुले सरगमा थंडी वाजी!"

चहा संपवून सुकलाल पुढे उतरला, मागून लोटू निघाला. गच्चीचं दार बंद केलं, कडी सरकवली आणि हात तिथेच थिजला.

हे आपण आज एकदा केलंय.

जिना त्याला दिसेना. खालची कडी लावली? नाही लावली? खाली पोचला तर सगळं शांत. दारावर थापा ऐकू आल्या असत्या तरी धीर आला असता. कडी लागलेली होती. घामाने बोटं निसटली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा कडी निघाली.

हसमुखभाई दारापाशी पालथे पडले होते, तोंड खालच्या फटीला लावून. लोटूने बगलेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या. लोटूने टॉवेलने त्यांना वारा घातला. तो शेजारी बसून राहिला.

शेठ धावत आले.

"लकडी फूल गई थी, शेठ, दरवाजा अटक गया," सुकलाल घाईघाईने म्हणाला.

"नहीं," लोटू म्हणाला. "कडी मैंने लगाई."

शेठचा हात उगारलेलाच राहिला. "एणे ज काढ्यो मने," हसमुखभाई पुटपुटले. त्यानेच काढलं मला.

लोटू उठला. पेचकस आणून त्याने कडी उतरवली.

"हवे दरवाजो बंध कोण राखशे?" शेठ ओरडले. आता दार बंद कोण ठेवणार?

"हूं," लोटू म्हणाला. मी.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी धनश्री डबा घेऊन आली. बाप सौनाच्या दाराला पाठ लावून उभा होता. टाचा फरशीत रोवलेल्या, शर्ट अंगाला चिकटलेला.

"आबा, जेवी ल्या ना. दार मी धरस."

त्याने ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटून तो पाठीने ऐकत होता. ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

आत कुणीतरी खोकलं. तेव्हा कुठे लोटूने श्वास सोडला.